भरतेशची कॅसेट

“हात लावू नकोस दादा. आधी नुसतं बघ,” भरतेश म्हणाला.

मी हात मागे घेतला. टेबलावर एक जुना व्हिडिओ गेम होता, नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे तसला. पांढऱ्याचा पिवळा पडलेला, वर कॅसेट खोचायची फट. कुणीतरी त्याच्या कुशीला भोक पाडून आतून वायरींचा जुडगा बाहेर काढला होता. त्यातल्या काही वायरी भरतेशच्या चाकाच्या खुर्चीवर, उजव्या हाताशी बसवलेल्या एका बटणाकडे जात होत्या. उरलेल्या त्याच्या हनुवटीखालच्या छोट्या दांडीला जोडल्या होत्या.

“कुणी केलं हे?”

“पप्पांनी. तीन वर्षं लागली त्यांना. लाव आता हात, पण हळू.”

इचलकरंजीच्या त्या घरी मी पहिल्यांदाच आलो होतो. जुन्या गेमच्या शौकिनांचा एक ग्रुप होता, त्यावर भरतेश मगदूमशी माझ्या आठ महिने रोज गप्पा चालायच्या. कुठल्या गेममध्ये कुठली चिप, कुठल्या कंपनीचं बोर्ड लवकर मरतं, सगळं त्याला तोंडपाठ. मला चुकीत पकडायची एक संधी सोडायचा नाही. मात्र आपण खुर्चीत असतो, मानेखालचं फारसं काही हलत नाही, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. दारात त्याला बघून माझा चेहरा उतरला असणार, कारण त्याची आई लगेच म्हणाली, “सांगितलं न्हवतं व्हय ह्यानं? प्रत्येकाला असंच दचकवतो. बस की, पाणी आणते.”

तिला मी त्या दिवसापासून काकी म्हणू लागलो. भरतेशला स्नायूंचा आजार होता. आठव्या वर्षी जिन्यावर पडायला लागला, अकराव्या वर्षी खुर्चीत बसला आणि आता तेविसाव्या वर्षी एकेक अवयव निरोप घेत होता. वडील, जिनपाल मगदूम, यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले माग दुरुस्त करणारे. इलेक्ट्रॉनिक्सचं एक अक्षर शिकलेले नव्हते. पण पोराची बोटं साध्या रिमोटवर चालेनात तेव्हा त्यांनी मागातून काढलेली हलकी स्विचं, जुन्या रेडिओतले भाग, मिळेल ते जोडत हे मशीन उभं केलं. त्यावर कुठलाही गेम लावला की तो संथ चालायचा, भरतेशच्या अंगठ्याला जमेल इतका संथ. ते पुरं झालं आणि दुसऱ्याच वर्षी जिनपालकाका कारखान्यात छातीत कळ येऊन गेले.

“आता कामाचं बोल,” भरतेश म्हणाला. “मी एक गेम केलाय.”

एका जुन्या, धावत-उड्या मारत जायच्या गेममधली सगळी चित्रं काढून टाकून त्यानं आपली घातली होती. हनुवटीनं माउस ढकलत, कॉम्प्युटरवर, दोन वर्षं. त्यात पप्पा सायकलवरून घरून कारखान्याला जातात. वाटेत कुत्री, उघडी गटारं, आडव्या बसलेल्या म्हशी. सुताच्या कांड्या गोळा करायच्या. एकूण अकरा लेव्हल.

“कॉम्प्युटरवर चालतोय ना? मग तिथंच संथ करून खेळ की.”

“खेळता येईल. पण ते काय, कॉम्प्युटर करतोय. मला पप्पांच्या मशीनवर खेळायचाय, खऱ्या कॅसेटवर. अकराच्या अकरा लेव्हल, एका बैठकीत. आईसमोर. एकदाच.” मग एसटी कधी सुटणार हे सांगावं तसं तो म्हणाला, “डावा अंगठा गेल्या पावसाळ्यात गेला. उजवा अजून हाय. दिवाळीपर्यंत टिकंल असं वाटत नाही, म्हणून जरा घाई.”

काकी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

“पंधरा दिवसांत देतो,” मी म्हणालो.

असे शब्द द्यायला मला तेव्हा काहीच वाटायचं नाही. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो, पण जगात माझी ओळख काय ती कॅसेटवाला सुकुमार हीच आहे असं मी समजायचो. जुन्या कॅसेटचं बोर्ड घ्यायचं, त्यावरची मूळ चिप उपटायची, नव्या चिपमध्ये हवा तो गेम भरून ती बसवायची. वर नवं कव्हर, नवं लेबल. माझी कॅसेट मूळ कॅसेटशेजारी ठेवली तर भल्याभल्यांना फरक कळत नसे. ग्रुपवर लोक वाहवा करायचे आणि मी शर्टाची कॉलर ताठ करून फिरायचो.

इथं कामातली एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती जुनी मशीनं पाच व्होल्टवर चालतात. हल्ली मिळणाऱ्या चिपा साडेतीनच्याही खालच्या. म्हणून दोहोंच्या मध्ये व्होल्टेज उतरवणारे दोन-तीन बारके भाग बसवावे लागतात. ते न बसवता नवी चिप सरळ जुन्या बोर्डावर चिकटवली तर काय होतं? काहीच होत नाही. गेम चालू होतो, चित्र दिसतं, आवाज येतो. आज चालतो, उद्याही चालतो. आत मात्र चिप तापत राहते आणि मशीनलाही ओढत राहते. मग कधीतरी जाते, आणि जाताना मशीनला बरोबर घेऊन जाऊ शकते. आमच्या धंद्यात असल्या कॅसेटी करणाऱ्यांना मी जाहीरपणे शिव्या घालायचो. ग्रुपवर एकदा मोठा लेखच लिहिला होता, आणि भरतेशनं तो शब्द न् शब्द वाचला होता.

पाच व्होल्टची चांगली चिप मला मिळाली नाही. व्होल्टेज उतरवणारे भाग मागवले, ते कुठंतरी कुरिअरात अडकले. पंधरा दिवस भरत आले. भरतेश रोज विचारायचा, “कुठवर आलं?” एका रविवारी दुपारी मी बोर्ड पुढ्यात घेऊन बसलो आणि नवी चिप सरळ सोल्डर करून टाकली. तास-दीड तास चालवून बघितली. कॅसेट हाताला कोमट लागली, इतकंच. भाग आले की जाऊन बदलून देऊ, असं मी मनाशी म्हटलं. मी तेव्हा खोटं म्हणत नव्हतो. खरंच बदलणार होतो.

लेबल मी जीव ओतून केलं. सायकलवरचे जिनपालकाका, मागं कारखान्याचं धुराडं, वर ठळक अक्षरात ‘जॉबर’. हे नाव भरतेशनंच दिलं होतं.

कॅसेट नेऊन दिली त्या दिवशी त्यानं ती स्वतः बघायला मागितली. काकींनी त्याच्या डोळ्यांसमोर धरून फिरवली, पुढून, मागून, खालून.

“पाच व्होल्टचं सगळं नीट केलंयस ना?” त्यानं विचारलं.

“मला विचारतोस?” मी हसून म्हणालो.

“तसं नाही. मशीन दुसरं नाही म्हणून.”

“अरे केलंय. लाव तू.”

पहिली लेव्हल सुरू झाली. पडद्यावर सायकल सावकाश निघाली. भरतेशचा अंगठा बटणावर दबायचा तेव्हा त्याचा सगळा चेहरा आवळला जायचा, आणि सायकल कुत्र्यावरून उडी मारून पलीकडं पडली की सुटायचा. काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या. “पोट बरोबर काढलंय रे ह्यानं,” त्या म्हणाल्या. “आणि चप्पल? डाव्या पायात सारखी निसटायची त्यांची. ती पण काढलीयास?” “काढलीया,” भरतेश म्हणाला. “चौथ्या लेव्हलला निसटती.” त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. मलाही फार बरं वाटलं. आयुष्यात आपण काहीतरी केलं असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं, आणि ते वाटणं मी अजून विसरू शकलेलो नाही.

“सूर्य मावळायच्या आत जेवून जा,” काकी म्हणाल्या. त्यांनी दशम्या आणि झुणका वाढला. मी पोटभर जेवलो.

आठ दिवसांनी ते भाग आले. एवढीशी पुडी. मी ती टेबलाच्या खणात ठेवली.

मी कोल्हापूरला राहायचो, तिथून इचलकरंजी तासाभराची वाट. रविवारी जायचं, कॅसेट उघडायची, अर्ध्या तासाचं काम. पण गेलो की भरतेश विचारणार, का उघडतोयस? मग सांगावं लागणार की ज्याला मी शिव्या घालतो तेच मी तुझ्या मशीनला केलं. एका रविवारी फाउंड्रीत ब्रेकडाऊन झाला. दुसऱ्या रविवारी पुण्याला जुन्या गेमवाल्यांचा मेळावा होता, तिथं माझ्या कॅसेटींचं टेबल लागलं होतं आणि लोक येऊन फोटो काढत होते. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. तिसऱ्या रविवारी मी घरी बसून टीव्ही बघितला.

इकडं भरतेशचे निरोप येत होते. या गेममध्ये मधेच थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय नव्हती. दरवेळी पहिल्यापासून. अंगठा थकला की सोडून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली लेव्हल. “आज चार झाल्या.” मग “पाच.” मग बरेच दिवस पाचच. मग एक दिवस “आठ!!!” आणि खाली, “आईनं शिरा केला.” दर निरोपाला मी अंगठा वर केलेलं चित्र पाठवायचो. चालतंय म्हणजे चालेल, असं मी स्वतःला समजावत होतो. ज्या लोकांना मी शिव्या घालायचो तेही स्वतःला हेच समजावत असणार.

जुलैअखेरीस एका शनिवारी दुपारी काकींचा फोन आला. “मशीन बंद पडलंय रे. तो बोलंना झालाय. येशील का?”

मी तसाच निघालो. घरात शिरल्याबरोबर जळलेल्या चिपचा वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन. भरतेश खुर्चीत होता, तोंड टीव्हीकडं, टीव्ही निळा.

“नवव्या लेव्हलला होतो,” तो म्हणाला. “अर्धी झाली होती. अंगठा चांगला चालत होता आज. एकदम चित्र फाटलं आणि गेलं.”

मी त्याच्याकडं पाठ करून टेबलाशी बसलो. कॅसेट उपसली. तिचं कव्हर एका बाजूनं मऊ होऊन वाकलं होतं. मी ती आधी पिशवीत टाकली, मग मशीन उघडलं. या मशीनचा मेंदू म्हणजे बोर्डावर ओतलेला काळ्या लाखेसारखा एक थेंब असतो. तो बदलता येत नाही, काढताही येत नाही. त्या थेंबाला बारीक चीर गेली होती. त्याच्याभोवती जिनपालकाकांची करामत. बोर्डावरच्या रेषा ब्लेडनं खरवडून तोडलेल्या, वायरी आडव्यातिडव्या नेलेल्या, सोल्डरचे ओबडधोबड गोळे. माग दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हात होता तो. कुठं कागद नाही, आकृती नाही, खूण नाही.

“कशानं जळालं?” काकींनी विचारलं.

मी काढलेले स्क्रू एका रांगेत मांडत राहिलो. बोलायला तोंड उघडलं होतं, हे मात्र खरं.

“सुकुमार, माझ्यामुळं तर न्हाई?” त्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या. “सकाळी मी पुसलं ते. धूळ लई बसली होती. फडकं जरा ओलं होतं. पिळलं होतं मी, पण ओलं होतं. पाणी गेलं असंल का आत?”

मशीन आतून ठणठणीत कोरडं होतं. महिनाभराची धूळ जशीच्या तशी बसलेली होती, पाण्याचा एक ओघळ नव्हता. मी ते बघत होतो. आणि मी म्हणालो, “असेल काकी. एक थेंबही पुरतो याला.”

त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या.

“कॅसेट बघितलीस?” भरतेशनं खुर्चीतून विचारलं.

“कॅसेट ठीक वाटतेय.”

“दाखव.”

“घरी नेऊन नीट तपासतो.”

त्याला मान वळवून माझ्याकडं बघता येत नव्हतं, आणि मी त्याच्या समोर गेलो नाही. “मी दुसरं करून देतो,” मी टेबलाकडं तोंड करूनच म्हणालो. “हुबेहूब, काकांनी केलंय तसं. नक्कल करणं हेच तर माझं काम आहे.” मशीन कापडात गुंडाळलं आणि घेऊन निघालो. दारापर्यंत काकी आल्या. “माझ्या हाताला काय झालं होतं सकाळी,” एवढंच म्हणाल्या.

बसमध्ये बसल्यावर मी पिशवीतली कॅसेट उघडून बघितली. चिपच्या मधोमध काळा डाग पडून ती तडकली होती. शंकेला जागाच नव्हती.

पुढचे सात आठवडे मी गाढवासारखं काम केलं. जुन्या बाजारातून त्याच बनावटीची तीन मशीनं मिळवली. जिनपालकाकांची एकेक वायर कुठून कुठं जाते ते कागदावर उतरवलं. तीन वर्षं त्यांनी पोराच्या अंगठ्याकडं बघत बघत ते सगळं जुळवलं होतं, मी ते भिंगातून बघून जुळवत होतो. दोन मशीनं माझ्या हातून मेली. तिसऱ्यावर गेम संथ झाला, पण हिसके देत. ते हिसके जायला आणखी दहा दिवस गेले. नवी कॅसेटही केली, यावेळी सगळे भाग बसवून, नियमाप्रमाणे. भरतेशचे निरोप आता येत नव्हते. मी विचारलं तर काकी फोनवर सांगायच्या, “हाय. बोलतो थोडं. अंगठा जरा कमी झालाय.” आणि दर फोनच्या शेवटी, “मी जर त्या दिवशी कोरडं फडकं घेतलं असतं.” मी म्हणायचो, “जाऊ द्या काकी.” जाऊ द्या म्हणणं किती सोपं असतं बघा.

मशीन तयार झालं तेव्हा पर्युषणाचे दहा दिवस संपत आले होते. ते संपले की दुसऱ्या दिवशी आम्हा जैनांत क्षमावणी असते. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाला दुखावलं असेल त्याची लहानथोर सगळ्यांपुढं हात जोडून क्षमा मागायची, आणि समोरच्यानं ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं. लहानपणापासून मी ते ‘नमस्कार’ म्हणावं इतक्या सहज म्हणत आलो होतो. त्या वर्षी मी ठरवून त्याच दिवशी निघालो. मशीन द्यायचं आणि सांगून टाकायचं. बसमध्ये मी वाक्यं जुळवली. काकी, मशीन पाण्यानं जळालं नाही. काकी, ते माझ्यामुळं जळालं. मी कॅसेट चुकीची केली होती, मला माहीत होतं, आणि मी तुमच्यावर ढकललं. तीन-चार वाक्यं. इतकी पाठ झाली होती की हातकणंगल्यापासून पुढं मी नुसता खिडकीबाहेर बघत होतो.

दुपारचे तीन वाजले होते. भरतेश फार उतरला होता. खुर्चीत मागं उशा लावून त्याला टेकवलं होतं आणि बोलताना दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत होता. मी मशीन टेबलावर ठेवलं, वायरी खुर्चीला जोडल्या, कॅसेट लावली. पडद्यावर सायकल उभी राहिली.

काकींनी त्याचा अंगठा उचलून बटणावर ठेवला. तो प्रयत्न करताना त्याच्या कपाळावरची शीर उठली. सायकल जागची हलली नाही. मी बटणाखालची स्प्रिंग काढून सगळ्यात मऊ स्प्रिंग घातली. मग तीही काढून टाकली, नुसती पत्र्याची पाती ठेवली. माशी बसली तरी दबली असती. अंगठा त्यावर नुसता पडून राहिला.

“मी वरनं दाबू का तुझ्या बोटावर?” काकींनी विचारलं.

“मग ते... तू खेळलीस,” तो म्हणाला. रागावून नाही. जरा वेळानं म्हणाला, “बंद कर दादा. छान केलंयस. पप्पांचंच वाटतंय.”

मी बंद केलं. सात आठवडे आधी त्या अंगठ्यानं साडेआठ लेव्हल खेळल्या होत्या. अजून अडीच राहिल्या होत्या, फक्त अडीच.

काकी त्याच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसल्या. आधी त्यांनी त्याचे दोन्ही हात उचलून एकमेकांना जुळवले आणि मांडीवर ठेवले, कारण क्षमावणीला हात जोडलेले हवेत. मग आपले जोडले.

“भरतेश, वरीसभर तुला काय बोलले असंन, कटाळले असंन, त्याची क्षमा कर बाबा. ते दरवर्षीचंच हाय. पण ह्या वर्षी माझ्या हातनं मोठं पाप झालं. तुझ्या बापानं एवढं केलेलं, आणि मी त्याला पाणी लावलं. तुझं तेवढं एकच होतं रे मनात. तेवढं एकच मागितलं होतंस तू.”

“आई, पाण्यानं नाही... जळालं ते.”

“माझं मन राखायलायस.”

“नाही. दादाला... विचार.”

मी त्याच्या समोरच उभा होतो, मशीन जळाल्यापासून पहिल्यांदा. त्यानं फक्त डोळे माझ्याकडं वळवले. त्या डोळ्यांत राग असता तर मी कदाचित बोललो असतो. राग नव्हता. वर्गातला हुशार मुलगा शेजारच्याला उत्तर माहीत आहे हे ओळखून तो बोलायची वाट बघतो, तसा तो वाट बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. वास आला होता त्यालाही, आणि मी कॅसेट दाखवली नव्हती. ज्यानं माझा लेख शब्द न् शब्द वाचला होता त्याला आणखी काय सांगायला हवं होतं? दोन महिने त्यानं ते आईला सांगितलं नव्हतं. ते मी सांगावं म्हणून ठेवून दिलं होतं.

काकींनीही माझ्याकडं बघितलं. आशेनं बघितलं असं मला अजून वाटतं.

ती तीन-चार वाक्यं माझ्या जिभेवर होती. मी हात जोडले.

“काकी, भरतेश,” मी म्हणालो, “माझ्याकडनंही वर्षभरात जाणता-अजाणता काही चूक झाली असेल, तर क्षमा करा.”

“तुझं काय असणार रे?” काकी उठत म्हणाल्या. “दोन महिनं राबलायस आमच्यासाठी. पोटच्या पोरानं केलं नसतं. उत्तम क्षमा.”

काकींनी जुळवून दिलेले भरतेशचे हात मांडीवर सुटून वेगळे झाले होते. ते त्याला पुन्हा जोडता येत नव्हते.

“उत्तम क्षमा दादा,” तो म्हणाला. “सगळ्याची.”

मग तो आईकडं बघून म्हणाला, “उत्तम क्षमा आई.” त्यानंतर त्यानं डोळे मिटले. मी चहा न घेता निघालो.

जानेवारीत छातीत कफ भरून तो गेला. मातीला मी गेलो होतो. शेजारची मंडळी काकींना धरून बसली होती आणि त्या प्रत्येकाला सांगत होत्या, त्याची एक इच्छा होती, ती माझ्यामुळं राहिली. लोक म्हणत होते, असं म्हणू नये. मीही तिथं बसलो होतो.

याला नऊ वर्षं झाली. कॅसेटी करणं मी त्याच साली सोडलं. ग्रुपही सोडला. कुणी विचारलं तर म्हणतो, डोळ्यांना झेपत नाही आता.

काकी इचलकरंजीतच असतात. दर क्षमावणीला सकाळी आठच्या आत त्यांचा फोन येतो, एकही वर्ष चुकलेला नाही. घरचं विचारतात, माझ्या मुलीची शाळा विचारतात. मग आवाज खाली आणतात. “ते मशीनचं तेवढं मनातनं जात न्हाई बघ, सुकुमार. तू एवढ्या कष्टानं कॅसेट केली होतीस. भरतेशनं क्षमा केली, पण ते माझं मन राखायला. तुझ्या तोंडनं ऐकलं की वर्षभर बरं वाटतं.”

मी फोन घट्ट धरून उभा असतो. दरवर्षी वाटतं, या वर्षी सांगू. पलीकडं त्या थांबलेल्या असतात.

“उत्तम क्षमा काकी,” मी म्हणतो.

“बरं वाटलं बाबा,” त्या म्हणतात आणि फोन ठेवतात.